कट गेला, बाई

फेब्रुवारीतली गोष्ट. मडगाव स्टेशनवर पेडण्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. गाडी उशिरा होती आणि बाकावर शेजारी बसलेल्या बाईंच्या पिशवीतून सुक्या बांगड्याचा वास येत होता. तेवढ्यात मुंबईकडून आलेली एक गाडी लागली. उतरणाऱ्यांच्या गर्दीत खांद्याला माणसाएवढी लांब काळी बॅग अडकवलेला एक मुलगा दिसला. बॅग कुणाला लागू नये म्हणून तो तिरका तिरका चालत होता. एका हमालाने विचारलंसुद्धा, गिटार आहे काय? त्याने नुसती मान हलवली, आणि मग त्याची नजर माझ्याकडे गेली. बॅग खाली ठेवून, भर फलाटावर तो वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला. काणकोणच्या शाळेत तिसरी-चौथीला माझ्याकडे होता तो. नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. गोल्फ खेळतो, त्यावरच जगतो, हे मला त्याच्या आईकडून कळलेलं होतं. मी विचारलं, "स्पर्धा होती ना रे? कितवा आलास?" तो म्हणाला, "कट गेला, बाई. एका फटक्याने." कट म्हणजे काय ते मला अर्धवट माहीत होतं. मी पटकन म्हणून गेले, "म्हणजे नापास!"

तो हसला. "होय बाई. नापास."

मग माझी गाडी आली. त्यानेच माझी पिशवी डब्यात चढवून दिली. झुआरीचा पूल गेला, करमळी गेलं, मांडवीचा पूल गेला, आणि मी खिडकीबाहेरच्या काळोखात तो एकच शब्द बघत होते. चौतीस वर्षं शिकवलं मी. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात तर आठवीपर्यंत कुणाला नापास करायचंच नाही असा कायदा होता, आणि तो मला मनापासून पटलेला होता. सात-आठ वर्षांच्या पोराच्या प्रगतिपत्रकावर लाल शाईने तो शब्द लिहिताना त्याआधीही माझा हात जड व्हायचा. आणि तोच शब्द मी एका एकोणतीस वर्षांच्या, दमलेल्या, रात्रभर बसून प्रवास करून आलेल्या माणसाच्या तोंडावर फेकला होता.

घरी आल्यावर मी शोधून शोधून वाचलं. हा खेळ चार दिवसांचा असतो. पहिल्या दोन दिवसांत छत्तीस होल खेळून झाले की यादीवर एक रेघ ओढली जाते, तोच कट. आपल्याकडच्या स्पर्धांत सव्वाशेच्या आसपास खेळाडू उतरतात, त्यांतले वरचे पन्नासेक आणि त्यांच्या बरोबरीतले तेवढे पुढे जातात. रेघेखालच्यांनी बॅग भरायची. त्यांना एक पैसाही मिळत नाही. प्रवेश फी त्यांनी भरलेली असते, गाडीभाडं दिलेलं असतं, खोलीचं भाडं तिघा-चौघांत वाटून दिलेलं असतं, बॅग वाहणाऱ्या कॅडीची मजुरीही द्यावीच लागते. म्हणजे खेळून घरी येताना तो खेळायला गेला होता त्यापेक्षा गरीब होऊन येतो. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं होतं? मासेमारीत होतं. ट्रॉलरवाला डिझेल जाळून रिकामा परततो तेव्हा. आमच्या केरीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. दोर ओढताना हात सोलतात आणि जाळ्यात निघते नुसती चार खेकडी. पण रापणकाराला कुणी नापास म्हणत नाही. समुद्राने दिलं नाही, असं म्हणतात.

काणकोणात माझी बदली झाली तेव्हा मी रडले होते. पेडण्याचं टोक सोडून थेट दुसऱ्या टोकाला. राहायला खोली मिळाली ती तळपणच्या बाजूला. राजबागच्या किनाऱ्याला लागून एका मोठ्या हॉटेलचं नऊ होलचं मैदान आहे, तिथे या मुलाची आई गवतात खुरपायला जायची. सकाळी सातला डोक्याला फडकं बांधून सहा-सात बायका ओळीत उकिडव्या बसायच्या आणि लव्हाळा उपटत पुढे सरकायच्या. मुलगा शाळा सुटली की तिकडेच. खाडीकडेच्या झुडपांत, चिखलात हरवलेले चेंडू शोधायचे, धुवायचे आणि पाहुण्यांना परत विकायचे. गृहपाठाच्या वहीवर चिखलाची बोटं असायची. मी एकदा त्याला त्यावरून वर्गाबाहेर उभं केलं होतं. दप्तरात काय आहे बघितलं तर बारा चेंडू निघाले. मी ते टेबलावर ठेवले, तर टेबल जरा उतरतं असल्यामुळे ते एकामागून एक घरंगळत गेले आणि सगळा वर्ग हसत त्यांच्यामागे धावला. तो मात्र धावला नाही. कुठला चेंडू कुठे जाऊन थांबेल ते तो जागेवरून बघत होता. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

त्याच्या आईचं एक वाक्य मात्र तेव्हाच कळलं होतं. चवथीच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीच्या मागच्या परसात दुर्वा खुडायला आली होती. मी म्हटलं, अगो, तू दिवसभर गवतातच असतेस, तिथून नाही आणल्यास? ती म्हणाली, "बाई, तिथं पण दुर्वाच आहेत. हरळीच ती, जरा बारीक. पण तिथं औषध मारतात. बाप्पाला कशा वाहू?" मी नंतर पडताळून बघितलं. खरंच होतं तिचं. गोल्फच्या मैदानावर उष्ण देशांत जे बर्म्युडा गवत लावतात, ते म्हणजे आपल्या हरळीचंच कूळ, सायनोडॉन डॅक्टिलॉन. त्याच्या सुधारित, बारीक पात्याच्या जाती काढल्या आहेत आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, ते तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापून ठेवतात. एकवीस दुर्वांची जुडी मोजणाऱ्या त्या बाईला हे कुठल्या पुस्तकातून समजायची गरज नव्हती.

आता मला माझी अडचण सांगायला हवी. पेडणे तालुक्यातल्या माणसासाठी गोल्फ हा खेळ नाही. तो जमिनीचा प्रश्न आहे.

1990 च्या आसपास गोव्यात गोल्फची मैदानं आणायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा इथल्या चळवळींनी त्यांना कडाडून विरोध केला. 1993 मध्ये तर 29 एप्रिल हा जगभर गोल्फविरोधी दिवस म्हणून पाळायचं ठरलं. पुढे आमच्या समोरच, नदीपलीकडे तेरेखोलात गोल्फ रिसॉर्टचा घाट घातला गेला. 2015 च्या सुमारास ते प्रकरण पेटलं तेव्हा मीही केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेले होते. मी काही कार्यकर्ती नाही. आमच्या शाळेतल्या दोघी आणि मी, पाण्याच्या बाटल्या आणि पाव-भाजीचा डबा घेऊन गेलो, बसलो, घोषणा दिल्या, संध्याकाळच्या फेरीने परत आलो. तिथली माणसं कुळं म्हणून पिढ्यान्पिढ्या ज्या काजूंखाली बोंडू वेचत आली, तो सडा, ते जांभ्याचं पठार, त्यांच्या पायांखालून जाणार होतं. अठरा होलच्या मैदानाला शंभराहून अधिक एकर लागतात. आणि सडा म्हणजे पडीक जागा नव्हे, हे ज्यांनी सडा पाहिला आहे त्यांना सांगावं लागत नाही. जांभ्या दगडात पावसाचं पाणी मुरतं आणि खाली झरी होऊन निघतं, त्यावर गावाच्या विहिरी आणि कुळागरं जगतात. वर माणसाने पाणी न घालता गवत चार महिने हिरवंगार असतं. उरलेले आठ महिने ते वाळतं, कारण वाळायचंच असतं. एप्रिल-मेमध्ये विहिरीला तळ दिसत असताना कुणाच्या तरी चेंडूला मऊ लागावं म्हणून तिथे फवारे सोडायचे, हा विचारच मला आजही सहन होत नाही. मोपाचं पठार विमानतळाखाली जाताना आम्ही बघितलं आहे. एक पठार गेलं की काय काय जातं, ते पावसाळ्यात घरासमोरून वाहणाऱ्या तांबड्या पाण्यावरून कळतं.

तर हे असं. गोल्फ या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि गोल्फवर जगणारा एक मुलगा माझ्या पायांशी वाकलेला आहे.

2021 च्या ऑगस्टमध्ये, शाळा बंद होत्या आणि मुलांची तोंडं मोबाइलच्या चौकोनात बघायची सवय होत होती, तेव्हा एका शनिवारी पहाटे त्याच्या आईचा फोन आला. "बाई, टीव्ही लावा. आमचा झिलगो सांगतो, आज बघाच." टोकियोला ऑलिंपिकची शेवटची फेरी चालू होती. अदिती अशोक, बंगळूरची, वय तेवीस, जागतिक क्रमवारीत 200 वी, आणि तीन दिवस संपले तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर. तिची बॅग तिची आई ओढत होती. मला नियम कळत नव्हते, पण ती बाई आणि तिची मुलगी उतारावर बसून जमिनीकडे कशा बघतात ते मी बघत राहिले. त्याच वर्षी कोविडने आजारी पडून उठलेली ती मुलगी. बाकीच्या तिच्यापुढे कितीतरी लांब फटके मारायच्या, ही मागून चेंडू ग्रीनवर आणायची आणि पटने, म्हणजे चेंडू होलमध्ये घरंगळवणाऱ्या हलक्या फटक्याने, सगळं भरून काढायची. मध्ये वादळाने खेळ थांबला. शेवटी एका फटक्याने कांस्य गेलं. नेली कोर्डाला 17 अंडर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा सतरा कमी, पुढच्या दोघींना 16, हिला 15. त्या सकाळी गोल्फ म्हणजे काय हे न कळणारा अख्खा देश हळहळला. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला पडला, सुवर्ण आलं, आणि तो चौथा नंबर सगळ्यांच्या मनातून निघून गेला. माझ्याही. काणकोणच्या त्या घरात तो गेला नाही. पुढे एकदा गेले होते तर भिंतीवर, देवघराच्या बाजूला, तिचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला होता.

तिथेच मी त्याची वही पाहिली. खिशात मावेल एवढी, कोपरे घामाने गोल झालेले. प्रत्येक पानावर एका होलचं चित्र, बाण, आकडे. कोणतं झाड किती यार्डांवर, कुठून उतार, वारा कुठला. आणि हे सगळं मराठीत. "डावीकडे उतरतं, दिसत नाही." "वारा तोंडावर, एक क्लब जास्त." "इथे घाई केली." मी शिकवलेला त्याचा 'इ' अजून तसाच, शेपटी वर वळवलेला. शाळेत याच हाताने शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहायला तो अर्धा तास लावायचा. मी त्याचा हात हातात घेऊन बघितला. उजवा उन्हाने करपलेला आणि डावा पंजा मनगटापर्यंत गोरा. डाव्या हातात ते मोजा घालतात. ऊन कुठल्या हातावर किती वर्षं पडलं याचा तो हिशेबच होता. दोन हात शेजारी ठेवले तर ते एका माणसाचे वाटत नव्हते.

पाहुणा कुणी जुनी सात नंबरची लोखंडी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, देऊन गेला, तिथून त्याची सुरुवात. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर खळगे खणून तो एकटाच खेळायचा. त्यामुळे वाळूतून चेंडू काढणं त्याला कधी जड गेलं नाही, इतरांना बंकरची धडकी भरते तिथे त्याला घरी आल्यासारखं वाटतं. सतराव्या वर्षी पुण्याला मामाकडे गेला, कॅडीचं काम धरलं. सोमवारी मैदान बंद असताना कॅडींना खेळू देत, तेव्हा दिवस उजाडायच्या आधी जाऊन उभा राहायचा. व्यावसायिकांच्या पात्रता स्पर्धेत दोनदा मागे राहिला, तिसऱ्यांदा कार्ड, म्हणजे त्यांच्या स्पर्धांत खेळायचा परवाना, मिळालं. त्याला सात वर्षं झाली. सर्वांत वरचा क्रमांक नववा, तोही एकदाच. वर्षाअखेर कमाईच्या यादीत खाली घसरलं की कार्ड जातं आणि परत पात्रता स्पर्धेपासून सुरुवात. म्हणजे प्रत्येक डिसेंबरात ही माणसं पहिलीच्या वर्गात परत बसायला तयार असतात.

त्याने मला ज्यांची नावं सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवली आहेत. अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून राबलेला, 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. त्याच्याआधी एकच भारतीय ती जिंकला होता, 1965 मध्ये पी. जी. सेठी, पण ते हौशी खेळाडू. एस. एस. पी. चौरसिया, कोलकात्याच्या रॉयल क्लबमध्ये गवताची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. त्याने 2008 मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली आणि 2016, 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. महूचा मुकेश कुमार, देशात ढिगाने स्पर्धा जिंकला, पण एशियन टूरवरचं पहिलं विजेतेपद त्याला 2016 मध्ये मिळालं, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. एक्कावन्न म्हणताना या मुलाचे डोळे चमकले. त्याच्या आईने मात्र चुलीकडे तोंड फिरवलं. आणखी बावीस वर्षं, असा हिशेब तिने मनात केला असणार. मीही केला. अनिर्बान लाहिरी 2015 मध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पाचवा आला, अर्जुन अटवालने 2010 मध्ये अमेरिकेतली पीजीए टूरची स्पर्धा जिंकली, हेही त्याने सांगितलं. पण ती नावं सांगताना तो दूरच्या डोंगराकडे बघितल्यासारखा बघायचा, आणि माळ्याच्या मुलाविषयी बोलताना शेजारच्या वाड्यातल्या माणसाविषयी बोलावं तसा.

मला एक विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. ज्या गवतात आईचे गुडघे गेले, त्याच गवतावर चालताना तुला काय वाटतं? ती आता फार वेळ उकिडवी बसू शकत नाही. दुर्वा खुडायलाही पाट घेते.

यंदा चवथीनंतर तो केरीला माझ्याकडे आला. आईने दिलेल्या नेवऱ्या आणि अळवाच्या वड्या घेऊन. जेवण झालं, पाऊस उघडला होता, तर म्हणाला, बाई, तुमचं ते तेरेखोल दाखवा. फेरीबोटीत उभे राहिलो. नदी गढूळ, तांबूस, मुखाशी समुद्राची लाट आत ढकलत होती. किल्ल्याकडे न जाता आम्ही वर सड्याकडे वळलो. वाटेत मी त्याला ती सगळी हकिगत सांगितली, गाव कसं उठलं, आम्ही कुठे बसलो होतो. तो ऐकत होता. वर सीतेची आसवं फुललेली होती, जांभळट निळी, खडकांच्या खाचांत साठलेल्या पाण्याच्या कडेकडेने. तेरडा गुडघ्याएवढा. पायाखाली ते गवत, ओलं, मऊ, कुणी न लावलेलं.

मी म्हटलं, "मडगावला मी जो शब्द बोलले ना, तो मला अजून टोचतो रे."

त्याला लगेच कळलं. म्हणाला, "बाई, आईला मी तसंच सांगतो. कट म्हणजे काय ते तिला कितीदा समजावलं. तिला वाटतं कुणीतरी माझे पैसे कापले. नापास म्हटलं की तिला कळतं. मग ती विचारते, परत परीक्षा कधी?"

माझ्या मनातलं ओझं त्याने हलकं केलं असं मी म्हणणार नाही. तो शब्द त्या घरात माझ्याच वर्गातून गेलेला आहे, हे उलट जास्त स्पष्ट झालं. आम्ही जरा वेळ काही बोललो नाही. पुढे चालत होता तो एकदम थांबला. समोर सडा हळूच उतरत समुद्राकडे जात होता, मध्ये दोन काजू, पलीकडे गवताची एक गोलसर, सपाट जागा आणि तिच्यामागे नुसतं आभाळ. त्याने डोळे बारीक केले. ओठ हलले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला कळलं, तो मोजतो आहे. त्या दोन काजूंपर्यंत किती, त्यांच्यावरून नेता येईल का, सपाट जागा किती खोल आहे. जिथे आम्ही ते होऊ नये म्हणून उन्हात बसलो होतो, तिथे त्याला ते दिसत होतं, आणि ते सुंदर होतं. त्याच्या तोंडावर चौथीत घरंगळणारे चेंडू बघतानाची तीच एकाग्रता होती. मला भीती वाटली. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की याला थांबवू नये, बघू दे त्याला.

"एकशे पासष्ट," तो हळू म्हणाला. मग माझ्याकडे बघून ओशाळला. "सवय आहे, बाई."

"वारा?" मी विचारलं.

तो वाकला, हरळीची चार पाती खुडली आणि खांद्याच्या उंचीवरून सोडून दिली. ती समुद्राच्या वाऱ्याने मागे आली आणि माझ्या पदराला चिकटली. ओली होती. फेरीबोटीत बसेपर्यंत मी ती झटकली नाहीत.